फोटोला ‘फिल्मचा रंग’ येतो म्हणजे नेमकं काय होतं?

गेल्या महिन्यात भाचीच्या लग्नाचा अल्बम घरी आला. धाकटी मावशी चष्मा पुसून पानं उलटायला बसली आणि चौथ्या पानावर थांबली. ‘‘अगं, हिचं लग्न यंदाच झालं ना? मग फोटो माझ्या लग्नातल्यासारखे का दिसतायत?’’ भाची म्हणाली, ‘‘मावशीआजी, फिल्म लुक आहे तो. मुद्दाम करून घेतलाय. त्याचे वेगळे पैसे दिलेत.’’ मावशीने अल्बम मांडीवर ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. नवा फोटो जुना करायला पैसे का द्यायचे, हा तिचा प्रश्न होता.

मला तो रास्त वाटला. इंदुरात आज लग्नाचा बहुतेक प्रत्येक फोटोग्राफर ‘फिल्म टोन’ देतो, फोनमध्ये त्याची डझनभर ॲप्स आहेत, आणि पोरं राजवाड्यासमोर काढलेला फोटो टाकण्याआधी त्यावर कोडॅकच्या एखाद्या रोलचं नाव असलेलं बटण दाबतात. ते बटण दाबल्यावर आत काय घडतं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. आमच्या मामांचा जेल रोडला छोटा स्टुडिओ होता आणि शाळेच्या सुट्ट्यांमध्ये मी त्यांच्या डार्करूममध्ये ट्रे हलवायचं काम केलंय, म्हणून हे समजावून सांगायचा हा प्रयत्न.

आधीच सांगते, म्हणजे पुढचं सोपं जाईल. ‘फिल्मसारखं दिसणं’ या एका शब्दात तीन वेगवेगळ्या गोष्टी दडल्या आहेत: फिल्मच्या रसायनाचा स्वभाव, प्रिंट काढणाऱ्या लॅबवाल्याचा हात, आणि नंतर अल्बममध्ये गेलेली वर्षं. बहुतेक ॲप्स या तिन्हींचं मिश्रण करून एकाच नावाने देतात. मावशीचा गोंधळ तिथूनच झाला.

पंगत आणि वाटी

फिल्म म्हणजे प्लास्टिकची पारदर्शक पट्टी आणि तिच्यावर जिलेटिनचा पातळ थर. त्या थरात चांदीच्या क्षाराचे अतिशय बारीक स्फटिक असतात. ज्या स्फटिकावर पुरेसा उजेड पडतो तो जागा होतो. डोळ्यांना त्यात काहीच बदल दिसत नाही, पण डेव्हलपर नावाच्या रसायनात टाकला की त्याची काळी चांदी होते. जे झोपलेलेच राहिले त्यांना हायपो हे दुसरं रसायन धुऊन काढतं. मामांच्या शर्टांना कायम येणारा तो आंबूस वास याच कामाचा.

आता पंगत आठवा. जिलबी वाढणारा पहिल्या फेरीत भराभर वाढत जातो. दुसऱ्या फेरीत निम्मे लोक पानावर हात आडवा धरतात. चौथ्या फेरीत एखादेच काका ‘एक चालेल’ म्हणतात. वाढपी तेवढंच चालतो, परातीत जिलबीही तेवढीच असते, पण पानात पडणारी कमी कमी होत जाते. फिल्मवर उजेड वाढत गेला की हेच होतं. सुरुवातीला स्फटिक भराभर जागे होतात, मग जागं व्हायला उरलेलेच थोडे असतात. त्यामुळे फार उजेडाच्या जागा एकदम पांढऱ्या होत नाहीत, हळूहळू पांढऱ्याकडे सरकतात. उजेड किती पडला आणि फिल्म किती काळी झाली याचा आलेख हर्टर आणि ड्रिफिल्ड या दोघांनी १८९० मध्ये मांडला. दोन्ही टोकांना वाकलेली ती रेघ थोडी इंग्रजी ‘एस’सारखी दिसते. सॉफ्टवेअरच्या सगळ्या खटपटीचा पाया आजही तीच आहे.

डिजिटल कॅमेऱ्याचा सेन्सर पंगतीसारखा वागत नाही. तो नळाखाली ठेवलेल्या वाट्यांसारखा आहे. जेवढं पाणी पडेल तेवढं मोजायचं, दुप्पट पडलं तर दुप्पट. हिशोब चोख असतो. पण वाटी काठोकाठ भरली की पुढचं सगळं सांडलं, त्याची नोंद नाही. नवरीच्या मुंडावळ्यांवर थेट लाइट पडला की मोत्यांचे पांढरे ठिपके होतात आणि त्यात एकही मोती वेगळा ओळखू येत नाही, ते यामुळेच.

फिल्मची नक्कल करणारं सॉफ्टवेअर पहिलं काम हेच करतं: सेन्सरच्या सरळ रेघेला दोन्ही टोकांना वाकवतं. यात एक अट आहे, आणि ती कुठल्याच जाहिरातीत नसते. जी वाटी आधीच सांडली, तिच्यातलं पाणी परत आणता येत नाही. म्हणून जाणते फोटोग्राफर डिजिटलवर फोटो किंचित काळोखा घेतात आणि नंतर वर आणतात. रंगीत निगेटिव्ह रोलवर नेमकं उलटं करायचे, उजेड थोडा जास्तच द्यायचे, कारण तिथे कमी उजेड हा मोठा गुन्हा होता.

आजीच्या फोटोतलं काळं कुंकू

काळा-पांढरा फोटो म्हणजे रंग काढून टाकलेला फोटो, अशी समजूत असते. फोनमध्ये रंगांची पट्टी शून्यावर आणली की झालं. पण घरातला खूप जुना फोटो काढून बघा. पणजीच्या कपाळावरचं कुंकू काळंकुट्ट दिसतं, आणि आभाळ पांढरंफटक.

सुरुवातीच्या काचेच्या प्लेटांना फक्त निळा-जांभळा उजेड दिसायचा. लाल त्यांच्या लेखी अंधार होता. १८७३ मध्ये हर्मान फोगेल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं, की थरात विशिष्ट रंगद्रव्य मिसळलं तर प्लेटेला हिरवाही दिसू लागतो. लालसकट सगळे रंग दिसणाऱ्या प्लेटा बाजारात यायला विसावं शतक उजाडलं. मामांच्या डार्करूममध्ये लाल दिवा चालायचा त्याचं कारणही हेच आहे. प्रिंटच्या कागदाला लाल दिसतच नाही, म्हणून त्या उजेडात काम करता येतं.

आपल्या गावाला या गोष्टीचा वारसा आहे. लाला दीनदयाळ रुरकीला इंजिनियरिंग शिकून १८६६ मध्ये इंदूरला बांधकाम खात्यात नोकरीला आले आणि १८७० च्या दशकात इथेच त्यांनी कॅमेरा हाती घेतला. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी त्यांना आश्रय दिला. पुढे ते हैदराबादच्या निजामाचे छायाचित्रकार झाले. त्या काळातल्या फोटोंत लाल पगडी काळी दिसते. पगडीचा रंग तसा नव्हता, प्लेटेला तो तसा दिसला.

तेव्हा काळ्या-पांढऱ्या फिल्मची खरी नक्कल म्हणजे कुठल्या रंगाला किती राखाडी द्यायचा याचा निर्णय. चांगलं सॉफ्टवेअर हा निर्णय रोलप्रमाणे बदलतं. कोडॅकचा ट्राय-एक्स, जो ३५ मिलिमीटरच्या रोलमध्ये १९५४ पासून मिळतोय, चेहऱ्याला एक छटा देतो. लाल न दिसणारी जुन्या धर्तीची फिल्म त्याच चेहऱ्यावरचे डाग गडद करते आणि ओठ काळे.

रंगांचं पंचांग

रंगीत फिल्ममध्ये असे तीन मुख्य थर एकावर एक असतात. वरचा निळा उजेड टिपतो, मधला हिरवा, सगळ्यात खालचा लाल. धुताना प्रत्येक थरात आपापला रंग तयार होतो आणि चांदी पूर्ण काढून टाकली जाते. म्हणजे रंगीत निगेटिव्हमध्ये शेवटी चांदी नसतेच, उरतात ते रंगाचे सूक्ष्म ढग. प्रत्येक कंपनीची, प्रत्येक रोलची ही रसायनं वेगळी. म्हणून कोडॅकच्या पोर्ट्रामध्ये कातडीचा रंग मऊ येतो, आणि फुजीच्या वेल्व्हियात पावसाळ्यातलं पाताळपाणीच्या धबधब्याभोवतीचं रान डोळ्यांत भरेल इतकं हिरवं होतं.

हा स्वभाव सॉफ्टवेअर शिकतं कसं? एका पट्ट्यावर ठरावीक रंगांचे चौकोन छापलेले असतात. सगळ्यात प्रसिद्ध पट्ट्यावर ते २४ आहेत. तो पट्टा एकाच उजेडात खऱ्या रोलवर आणि डिजिटल कॅमेऱ्यावर टिपतात. कधी उजेड कमी, कधी जास्त, असं पुन्हा पुन्हा. मग रोल धुऊन, स्कॅन करून, चौकोनाला चौकोन लावून पाहतात: डिजिटलमध्ये अमुक होता तो लाल फिल्मवर किती नारिंगी झाला? त्या उत्तरांचं कोष्टक बनतं. फोटो एडिट करणारे याला ‘लट’ म्हणतात. आत आलेला रंग शोधायचा, समोर लिहिलेला बाहेर द्यायचा, गणित करत बसायचं नाही. पाढे पाठ असले की जसं आपण मोजत नाही, तसं.

साध्या फोटो फाइलमध्ये सुमारे १ कोटी ६८ लाख रंग असू शकतात. एवढं मोठं कोष्टक कोण ठेवणार? म्हणून नेहमीच्या लटमध्ये ३३ गुणिले ३३ गुणिले ३३, म्हणजे ३५,९३७ रंगच लिहिलेले असतात. मधल्यांचा अंदाज काढतात. आपण इंदूरचे लोक हे पिढ्यान्‌पिढ्या करत आलोय. पंचांगात सूर्योदय मुंबईचा आणि नागपूरचा दिलेला असला, तर इंदूरचा मधे कुठेतरी असणार हे आजोबा बोटांवर काढायचे. अंदाज बहुतेक वेळा बरोबर येतो. जिथे रंग झपाट्याने बदलतात, म्हणजे संध्याकाळचं आभाळ किंवा गालावरची लाली, तिथे स्वस्त लटमध्ये पट्टे पडतात.

कोडॅक्रोमची नक्कल सगळ्यात अवघड. ती फिल्म १९३५ मध्ये आली आणि २००९ मध्ये बंद झाली. तिचे रंग फिल्ममध्ये नसायचे, धुताना बाहेरून घातले जायचे, आणि ते काम करणारी शेवटची लॅब अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात होती. तिने २०१० च्या डिसेंबरअखेर ते थांबवलं. आज कुणाला जुना रोल सापडला तरी तो त्या पद्धतीने रंगीत धुऊन मिळत नाही. नक्कल करणाऱ्याला जुन्या स्लाइडांवरच विसंबावं लागतं.

रांगोळी आणि झांक्या

लट एका वेळी एकच ठिपका बघतं. शेजारी काय आहे हे त्याला माहीत नसतं. त्यामुळे फिल्मच्या दोन खुणा त्याला जमतच नाहीत.

पहिली ग्रेन, म्हणजे दाणे. फिल्मचा फोटो दाण्यांनीच बनलेला असतो. रांगोळीत मोर आणि रांगोळीची भुकटी वेगळी करता येत नाही, तसं. छापलेल्या मोरावर वरून भुकटी भुरभुरवली तर जे दिसेल, ते स्वस्त ॲपमधलं ग्रेन: आभाळात, केसांत, पांढऱ्या भिंतीवर सगळीकडे सारखंच. खऱ्या निगेटिव्हच्या प्रिंटमध्ये दाणे मधल्या राखाडी छटांमध्ये जास्त जाणवतात, आणि अगदी पांढऱ्या जागेत जवळजवळ नसतात. चांगलं सॉफ्टवेअर छटा बघून दाणे लहानमोठे, विरळ-दाट करतं. मी तर कुठलंही ॲप तपासताना आधी फोटोतली पांढरी भिंत मोठी करून बघते.

दुसरी खूण हॅलेशन. तेजस्वी दिव्याचा उजेड तिन्ही थर पार करून पट्टीच्या मागच्या पृष्ठभागावर आपटतो आणि उलटा फिरतो. परत येताना त्याला पहिल्यांदा भेटतो सगळ्यात खालचा, लाल टिपणारा थर. म्हणून दिव्याभोवती तांबूस वलय पडतं. ते पडू नये म्हणून फिल्मला उजेड शोषणारा थर देतात. सिनेमाच्या निगेटिव्हला तर पाठीवर काळ्या कार्बनचा लेप असायचा. सिनेस्टिल ८००टी हा रोल म्हणजे तो लेप काढलेली सिनेमाची फिल्म. तिच्यावर काढलेल्या रात्रीच्या फोटोंत प्रत्येक बल्बला लाल कडं दिसतं, आणि आजच्या पोरांना नेमकं तेच हवं असतं.

अनंत चतुर्दशीच्या रात्री इंदुरात गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे दिव्यांनी सजवलेले चित्ररथ, निघतात तेव्हाचे फोटो बघा. हजारो बल्ब, मागे काळोख. तिथे हे वलय सुंदर दिसतं. भाचीच्या फोटोग्राफरने मात्र ते दुपारच्या विधींच्या फोटोंतही घातलंय, सप्तपदीच्या वेळी खिडकीभोवती लाल कडं आहे. तेवढ्या दिवसाउजेडात, लेप असलेल्या कुठल्याही सरळ रोलवर ते आलं नसतं.

मग आमच्या अल्बमचा रंग त्यात का सापडत नाही?

मला हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा वाटतो. मामांच्या स्टुडिओत काळे-पांढरे फोटो तिथेच धुतले जायचे, पण रंगीत रोल लॅबला जायचा. रंगीत निगेटिव्ह उन्हात धरलात तर ती नारिंगी दिसते, आणि तिच्यात ‘खरा’ रंग असा ठरलेला नसतो. तो प्रिंट काढताना ठरतो. मशीनवर बसलेला माणूस प्रत्येक फोटोला पिवळा, गुलाबी, निळसर किती द्यायचा, फोटो किती गडद ठेवायचा हे बटणांनी ठरवायचा. मामा एका लॅबबद्दल म्हणायचे, तिचे चेहरे तांबूस येतात. दुसरीचे मंगल कार्यालयातल्या ट्यूबलाइटमुळे हिरवट येत, कारण तिथला माणूस दुरुस्ती करायचा नाही. रोल तोच, कंपनी तीच, फोटो वेगळे.

म्हणजे तुमच्या आठवणीतला ‘कोडॅकचा रंग’ बऱ्याच अंशी कुठल्या तरी अनाम लॅबवाल्याचा रंग आहे. परदेशातले फिल्मवाले आजही लॅबला सांगतात, स्कॅन फुजीच्या फ्रंटियरवर करा किंवा नोरित्सूवर करा, कारण दोन्ही मशीनचे रंग वेगळे येतात.

त्यावर वर्षं जातात. प्रिंटमधले तिन्ही रंग एकाच वेगाने उडत नाहीत. जुन्या प्रिंटमध्ये बहुधा निळसर-हिरवा रंग आधी फिका पडतो, आणि फोटो लालसर होतो. काळा रंग राखाडी होतो. ॲपमध्ये ‘व्हिंटेज’ म्हणून जे मिळतं ते बहुतांशी एवढंच. ताज्या रोलवरून आदल्या दिवशी काढलेली प्रिंट अशी कधीच नसायची. तिचा काळा रंग चांगला काळा असायचा.

मावशीला अल्बम खटकला तो इथे. तिने १९८९ मध्ये आपले फोटो ताजे पाहिले होते. फोटोग्राफरने फिल्मच्या नावाखाली वय विकलं.

डिहॅन्सरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये फिल्म वेगळी निवडता येते आणि प्रिंटचं माध्यम वेगळं. ग्रेन, हॅलेशन यांच्या पट्ट्याही स्वतंत्र असतात. रॉथेरपी आणि डार्कटेबल ही फुकट मिळणारी सॉफ्टवेअर आहेत, त्यांत फिल्मची कोष्टकं बसवता येतात. काही शिकायचं नसेल तर फुजीच्या कॅमेऱ्यांत त्यांच्याच रोलांच्या नावाचे रंग आधीपासून भरलेले असतात.

फोनवर तेच बटण दाबलं की फोटो बिघडतो, असं का?

कारण फोन तुम्हाला कोरी भाकरी देतच नाही, आधीच तूप-मीठ लावलेली देतो. बटण दाबताच तो एकामागोमाग अनेक फोटो घेतो, जोडतो, सावल्या उजळतो, कडा धारदार करतो. फिल्मची वाकडी रेघ त्या आधीच वाकवलेल्या फोटोवर पुन्हा चढते. फोनमध्ये ‘रॉ’, म्हणजे फारशी प्रक्रिया न केलेली फाइल ठेवायची सोय असेल तर ती वापरा. फरक पहिल्याच फोटोत कळेल.

त्यापेक्षा खराच रोल का वापरू नये?

वापरा, जमत असेल तर जरूर. ३६ फोटोंचा रोल माणसाला थांबून बघायला लावतो, ते कुठलंही सॉफ्टवेअर करत नाही. पण रोल महाग झालेत आणि इथे रंगीत धुऊन देणारे फार थोडे उरलेत. एके काळी उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ रोल मामांकडे सहज मिळायचा, आता तो कारखानाच बंद पडलाय. लग्नाच्या दोन हजार फोटोंसाठी रोल परवडणार नाहीत. तिथे नक्कल हा समजूतदार मार्ग आहे.

ही फसवणूक नाही का?

लग्नात नाही. बातमीच्या फोटोत, विम्याच्या फोटोत, वैद्यकीय फोटोत रंग बदलणं चूक आहे, तिथे हे बटण नकोच. घरच्या फोटोंसाठी माझी एकच मागणी असते: फोटोग्राफरकडून मूळ फाइलसुद्धा घ्या. फिल्म लुक कधीही चढवता येतो. चढवलेला उतरवता येत नाही. भाचीने तशा मागून घेतल्या, आणि दुसरा अल्बम आता फक्त मऊ उजेड आणि पोर्ट्राचे रंग ठेवून होतोय, फिकेपणा काढून.

तो विषय निघाला म्हणून मी मामांच्या घरच्या लोखंडी कपाटातून मावशीच्या लग्नाच्या निगेटिव्ह काढल्या. प्रिंटमध्ये तिचा शालू विटकरी दिसतो, आणि ती गेली कित्येक वर्षं सांगतेय की तो वांगी रंगाचा होता. पांढऱ्या स्क्रीनवर निगेटिव्ह ठेवून फोटो काढला, उलटा केला, नारिंगी वजा केला. पहिल्यांदा चेहरे निळे आले. मग रंग हलवत गेले. शालू विटकरीचा गुलाबी, गुलाबीचा जांभळा होत गेला, आणि माझ्या लक्षात आलं की मी त्या लॅबवाल्याच्या खुर्चीत बसलेय, कुठे थांबायचं हे मलाच माहीत नाही. मावशी उठली, आत गेली आणि ट्रंकेतून शालू घेऊन आली. घडी उलगडून तो स्क्रीनच्या शेजारी धरला, चष्मा वर-खाली केला आणि म्हणाली, ‘‘अजून थोडा लाल हवा.’’